वफ्रापर्यंत, स्वतःच्या चाकांवर

कुवेतला येऊन मला नऊ दिवस झाले होते आणि तोवर मी दोनच ठिकाणं नीट पाहिली होती. एक, रिग्गईतली नलूमावशीची गॅलरी आणि दुसरं, शुवैखमधलं अण्णांचं गॅरेज. नलूमावशी आमच्या सिन्नरची, इथल्या दवाखान्यात नर्स आहे. अण्णा, म्हणजे माझे वडील, महबूल्यात चौघांबरोबर एका खोलीत राहतात, म्हणून माझी सोय मावशीकडे केली होती. मी मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. अण्णा सातवीनंतर थेट गॅरेजात गेले.

दहाव्या दिवशी, २००५च्या डिसेंबरातल्या एका शुक्रवारी, मी प्रवासाला निघाले. जुन्या गाड्यांच्या एका क्लबची सहल होती. कुवेत शहरातल्या समुद्राकाठच्या रस्त्यावरून निघायचं, फहाहीलला नाश्ता करायचा आणि दक्षिणेकडे वफ्राच्या शेतांमध्ये जेवायला पोचायचं. सोळा गाड्या रांगेत उभ्या होत्या. आमची सातवी, फिकट निळी, लांबलचक अमेरिकन गाडी. तिचे मालक अबू फैसल. ही गाडी त्यांच्या वडिलांची. इराकच्या आक्रमणात ती एका गोदामात भिंतीआड लपवलेली होती आणि नंतर बरीच वर्षं तशीच पडून राहिली. अण्णांनी तीन वर्षं खपून तिचं मूळचं इंजिन पुन्हा चालू केलं होतं.

निघताना अबू फैसल अण्णांना त्यांच्या मोडक्या हिंदीत म्हणाले, "उस्ताद, मेरा भाई बोलता है, पुराना मशीन निकालो, नया डालो. आज गाडी सतहा पे गया, तो मैं भाई का बात सुनेगा. खलास."

सतहा म्हणजे बंद पडलेल्या गाड्या पाठीवर घेऊन जाणारा सपाट ट्रक. तो रांगेच्या शेवटी उभाच होता. त्याचे ड्रायव्हर पेशावरचे खानभाई. त्यांनी आमच्या गाडीला एक फेरी मारली आणि म्हणाले, "उस्तादजी, मैंने आपके लिए जगह साफ करके रखी है."

"तुमच्या ट्रकाला आज उपास आहे, खानभाई," अण्णा मराठीतच म्हणाले. खानभाईंना किती कळलं कोण जाणे, पण ते हसले.

अबू फैसल गाडी चालवत होते, शेजारी अण्णा, मागच्या रुंद सीटवर मी. डावीकडे समुद्र शांत होता. अण्णा बाहेर बघतच नव्हते. मान थोडी तिरकी करून ते इंजिन ऐकत होते, आजारी माणसाची छाती ऐकावी तसे.

फहाहीलच्या पेट्रोल पंपावर टाकी काठोकाठ भरली. या गाडीत टाकीचं तोंड मागच्या नंबर प्लेटच्या आड असतं. अण्णांनी झाकण माझ्या हातात दिलं आणि ते इंजिनाचं पाणी बघायला पुढे गेले. वारा सुटला होता, धुळीचा. कुवेतमध्ये त्याला तौझ म्हणतात. झाकणाच्या मधोमध मला एक बारीक भोक दिसलं. मला वाटलं, झाकण झिजलंय, यातून धूळ आत जाणार. अण्णांना विचारावं असं मनात आलं, पण ते कामात होते. शिवाय एक तरी गोष्ट न विचारता करावी, असंही वाटलं. हत्यारांच्या पेटीतली काळी चिकटपट्टी काढून मी ते भोक वरून आणि आतून बंद केलं आणि झाकण घट्ट लावलं. मग सगळ्यांबरोबर दुधाळ करक चहा घेतला आणि फलाफल (हरभऱ्याचे तळलेले वडे) खाल्ले. फार बरं वाटत होतं.

फहाहील मागे पडल्यावर जमीन एकदम सपाट झाली. दूर तेलविहिरींवरच्या ज्योती, हिवाळ्यात मुक्कामाला आलेल्यांचे पांढरे तंबू, विजेच्या तारा आणि रस्त्याशी काही देणंघेणं नसल्यासारखे चालणारे उंट. मी वहीत उंट मोजत होते, तेवढ्यात गाडीने दोन आचके दिले आणि ती बंद पडली.

अण्णांनी बॉनेट उघडलं. जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं आणि निघेल तो भाग त्यावर ओळीने मांडत गेले, आधी निघालेला डावीकडे. ते नेहमी असंच करतात. फिल्टर साफ केला, कार्बोरेटर फुंकला, सगळं उलट्या क्रमाने परत बसवलं. वीस मिनिटांनी गाडी चालू झाली. आठेक किलोमीटर गेली आणि पुन्हा थांबली.

बाकीच्या पंधरा गाड्या केव्हाच पुढे गेल्या होत्या. खानभाई ट्रक मागे लावून खाली उतरले. या वेळी त्यांनी चेष्टा केली नाही. "उस्तादजी, दोपहर हो रही है," एवढंच म्हणाले.

अबू फैसल घड्याळाकडे बघत होते. "उस्ताद, खलास?"

"नही," अण्णा म्हणाले. बोटं काळी झाली होती, अंगठ्याला खरचटलं होतं. त्यांनी पुन्हा वर्तमानपत्र पसरलं. मग माझ्याशी की स्वतःशी, कळलं नाही, पण म्हणाले, "टाकी भरलेली आहे. पंप चांगला ओढतोय. नळीत कचरा नाही. मग पेट्रोल येत का नाही?"

पंप ओढतोय आणि येत नाही. मला एकदम आमचं स्वयंपाकघर आठवलं. आई तेलाचा नवा डबा उघडताना समोरासमोर दोन भोकं पाडते. एकच पाडलं तर तेल येता येता अडतं, कारण आत हवा जात नाही. झाकणाचं ते भोक हवेसाठीच होतं.

गप्प बसून हळूच चिकटपट्टी काढता आली असती. मी दोन पावलं मागच्या चाकाकडे गेलेसुद्धा. पण अण्णा तिसऱ्यांदा तोच फिल्टर हातात घेऊन उभे होते, आणि उद्या त्यांनी स्वतःच्याच कामावर शंका घेतली असती.

"अण्णा," मी म्हणाले, "टाकीच्या झाकणाचं भोक मी बंद केलंय. धूळ जाऊ नये म्हणून. फहाहीलला."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. "ते भोक मी परवा सुईने साफ केलं होतं," ते हळू म्हणाले. "म्हणून तर तिकडे बघितलंच नाही."

त्यांनी मागे जाऊन झाकण फिरवलं. हवा आत ओढली गेल्याचा लांब, सुस्कार्‍यासारखा आवाज आला. अण्णांनी नखाने दोन्ही पट्ट्या सोलल्या आणि झाकण लावलं. कार्बोरेटर भरायला थोडा वेळ गेला, मग इंजिन लागलं आणि लागूनच राहिलं.

अबू फैसलना काय झालं ते मीच माझ्या हिंदीत सांगितलं. त्यांनी चालू इंजिनाकडे कान दिला. मग अण्णांना म्हणाले, "मशीन में गलती नहीं था?"

"मशीन में कुछ गलती नहीं था, बाबा," अण्णा म्हणाले.

"तो यल्ला." म्हणजे चला.

वफ्राला आम्ही सगळ्यात शेवटी पोचलो. टोमॅटोच्या शेतांच्या कडेला पंधरा गाड्या उभ्या होत्या आणि सातवी जागा रिकामी ठेवलेली होती. अबू फैसलनी गाडी त्या जागेत नेली आणि तिथेच भावाला फोन लावला. अरबी मला कळत नाही, पण मधेमधे उस्ताद हा शब्द दोनदा ऐकू आला. जेवणात मचबूस (मटण घातलेला मसालेभात) होतं. एकाच मोठ्या ताटाभोवती सगळे बसले. अण्णा आधी लांब उभे राहिले होते, त्यांना अबू फैसलनी हाताला धरून बसवलं. खानभाईंनी माझ्याकडे लिंबू सरकवलं. "बेटी, मेरा ट्रक तुमने भरवा ही दिया था."

परतताना फहाहीलला पुन्हा पेट्रोल भरायचं होतं. अण्णांनी झाकण काढलं, थोडं थांबले आणि माझ्याकडे दिलं. "धर. डिंक राहिलाय बघ भोकात."

ओढणीची टाचणी काढून मी भोक साफ केलं. मग फुंकर मारून हवा पलीकडे जाते का ते पाहिलं, आणि अण्णांना विचारलं, "बरोबर झालं का?" त्यांनीही एक फुंकर मारली आणि मान हलवली.

आता मी नाशिकला हॉस्टेलवर आहे. कुवेतहून काय आणलं, असं मैत्रिणी विचारतात तेव्हा मी खजूर पुढे करते. खरं तर त्या दिवसाची एक सवय आणली आहे. वर्कशॉपमध्ये काही उघडायचं असलं की मी आधी वर्तमानपत्र पसरते, आणि न कळलेल्या भोकाला हात लावण्याआधी ते कशासाठी आहे हे विचारते. सर म्हणतात, तुझा फार वेळ जातो. जाऊ दे. अबू फैसलच्या गाडीत अजून तेच इंजिन आहे.