अण्णांच्या पोटातली खोटी गाठ

“डॉक्टरसाहेब, मी दारू पीत न्हाय, एवढं लिहून द्या. लेटरहेडवर. सही, शिक्का, सगळं पायजे.”

गुरुलिंग अण्णा हे बोलले तेव्हा त्यांचं पोट माझ्या टेबलाच्या कडेला टेकलं होतं. माणूस अंगानं काटकुळा. पण बरगड्यांच्या खाली, बरोबर मधोमध, असा फुगवटा आला होता की सदऱ्याच्या आत कुणी शहाळं लपवलंय असं वाटावं. जेवण चार घासांच्या पुढं जात नव्हतं. गेलंच तर उलटून पडत होतं. मला त्या फुगवट्याबद्दल बोलायचं होतं. अण्णांना सर्टिफिकेट हवं होतं.

“अण्णा, मी सर्जन आहे. पोटात काय आहे ते लिहून देतो. आजवर काय गेलं नाही, ते कसं लिहू?”

“मग समितीचं वाटोळं झालं म्हणा की.”

दोन हजार साल उलटून गेल्यानंतरची ही गोष्ट. मुरगूडच्या अलीकडच्या एका गावात अण्णांचं भुसार मालाचं दुकान. घराणं लिंगायत, कपाळावर विभूती, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. गावातल्या बायकांनी देशी दारूचं दुकान बंद करायची मागणी केली होती. अशा मागणीवर बायकांचं मतदान होतं. चिठ्ठीवर दोन बाटल्यांची चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद करा. मागणी बायकांची, सह्या बायकांच्या, मतं बायकांची. तेव्हा दारूबंदी समितीचा अध्यक्ष पुरुषच पाहिजे, असं गावातल्या पुरुषांनी ठरवलं आणि अण्णांना हार घातला.

हार सुकायच्या आत अण्णांच्या पोटात दुखायला लागलं. दुकानात बसल्या बसल्या कळ आली ती थेट पाठीत घुसली. उलट्या थांबेनात. त्यांचा मेव्हणा मल्लाप्पा त्यांना जीपमध्ये घालून कोल्हापूरला माझ्याकडं घेऊन आला. रक्त तपासलं. पॅन्क्रियाटायटिस, म्हणजे स्वादुपिंडाला सूज.

स्वादुपिंड हा जठराच्या मागं आडवा पडलेला अवयव. अन्न पचवणारा जहाल रस तो तयार करतो. सूज आली की तोच रस बाहेर झिरपतो आणि घरच्यांनाच पचवायला निघतो. याची दोन मोठी कारणं. एक दारू, दुसरं पित्ताशयातले खडे. पहिल्या सोनोग्राफीत आतड्यातल्या गॅसमुळं पित्ताशय नीट दिसलं नाही. राहिली दारू. मी हा प्रश्न सगळ्यांना विचारतो. कीर्तनकारांना विचारलाय, मास्तरांना विचारलाय, एकदा एका फौजदारालाही विचारलाय.

“अण्णा, दारू घेता का?”

“ह्या जल्मात न्हाय.”

मी ते लिहून घेतलं आणि विषय संपवला. पडद्यापलीकडं मल्लाप्पा उभा होता. त्यानं घरी फोन करून एवढंच सांगितलं की, डॉक्टरांनी दाजींना दारूचं विचारलं. कोल्हापूर ते मुरगूड रस्त्यात त्यातलं प्रश्नचिन्ह कुठंतरी गळून पडलं. गावात पोचलं ते असं : अध्यक्षांचं लिव्हर गेलं. स्वादुपिंड हा शब्द गावाला ठाऊक नव्हता, म्हणून लिव्हर.

सलाईन, उपवास, इंजेक्शनं यांवर ती सूज उतरली. अण्णा घरी गेले. दोन-अडीच आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी केली तेव्हा पित्ताशय स्वच्छ दिसलं आणि त्यात बारीक खडेही दिसले. त्यातलाच एखादा घसरून, पित्त आणि स्वादुपिंडाचा रस जिथून आतड्यात उतरतो त्या नळीच्या तोंडाशी अडकला असणार, म्हणजे कारण सापडलं. पण जठराच्या मागं पाण्याची मोठी पिशवीही दिसली. झिरपलेला रस तिथं साठला होता. हिला आम्ही स्यूडोसिस्ट म्हणतो. मराठीत खोटी गाठ.

हे नाव मी उच्चारलं आणि पस्तावलो.

“खोटी हाय?” मल्लाप्पा उसळला. “मग ऑपरेशन कशाला? खोट्याला कोण कापतंय?”

“खोटी म्हणजे नाही असं नव्हे हो. खऱ्या गाठीला स्वतःचं अस्तर असतं. हिला नसतं. आजूबाजूच्या अवयवांनी मिळून तिच्याभोवती भिंत घातलेली असते.”

“म्हंजे अतिक्रमण की.”

पुढं विद्यार्थ्यांना शिकवताना मी हीच व्याख्या वापरली.

मतदानाला आता दीड-दोन महिनेच उरले होते. अण्णांना वाटत होतं, ऑपरेशन झटकन उरकावं, म्हणजे प्रचाराला उभं राहता येईल.

“उद्याच कापा.”

“उद्या नाही. भिंत अजून कच्ची आहे. दुधावरच्या सायीला टाका घातला तर धरेल का? साधारण दीड महिना जाऊ दे. काहींचं पाणी आपोआप जिरतंसुद्धा.”

“आन् जिरलं न्हाय तर?”

“तर ऑपरेशन. तोवर थोडं थोडं खायचं, तेल-तूप बंद. ताप आला, रक्ताची उलटी झाली, काळं शौचाला झालं किंवा एकदम कळ आली, तर समितीची मीटिंग असली तरी उठून यायचं.”

थांबा म्हणणारा सर्जन कुणालाच आवडत नाही. पोटावर लेप लावणारे आले. सुई घालून पाणी काढा म्हणणारे आले. अशी बाहेरून सुई घातली तर पाणी पुन्हा भरण्याची शक्यता मोठी आणि आत पू होण्याची भीती वेगळीच. हे सगळं अण्णांच्या बायकोनं, महादेवीअक्कांनी, शांतपणे ऐकून घेतलं आणि लेपवाल्याला दारातूनच परत लावलं. बोलायला त्या कमी, पण त्यांना एकदा सांगितलेलं पुन्हा सांगावं लागत नसे.

पाणी जिरलं नाही. पिशवी वाढली, जठर दाबलं गेलं. तेव्हा अण्णा सर्टिफिकेट मागायला आले, ते मी सुरुवातीला सांगितलंच. मी ऑपरेशनची तारीख दिली. ती नेमकी मतदानाच्या आठवड्यात पडली.

आदल्या दिवशी मी नवरा-बायकोला समोर बसवून सगळं समजावलं. पोट उघडायचं. जठराच्या पुढच्या बाजूला चीर द्यायची. आतून जठराच्या मागच्या भिंतीला, पिशवी जिथं चिकटलीय तिथं, खिडकी पाडायची आणि कडा शिवून घ्यायच्या. पिशवीतलं पाणी जठरात येतं, तिथून पुढं आपल्या वाटेनं जातं. पिशवी हळूहळू मिटते. त्याच वेळी पित्ताशय खड्यांसकट काढून टाकायचं. कडेनं रक्तस्राव होऊ शकतो, पू होऊ शकतो, क्वचित पाणी पुन्हा साठतं. जिवाला धोका कमी असला तरी आहे. पहिल्यांदाच अण्णांना मतदानाचा विसर पडलेला दिसला.

अक्कांनी विचारलं, “नंतर ह्येंना बोलता येईल?”

“नाकातून जठरात नळी असेल. काही दिवस तोंडानं पाणीसुद्धा नाही.”

“म्हंजे भाषण न्हाय?”

“नाही.”

अक्कांनी मान डोलावली. नवऱ्याच्या काळजीनं ती बाई रात्र रात्र झोपली नव्हती, हे डोळ्यांवरून दिसत होतं. तरीही ही बातमी त्यांना फारशी वाईट वाटली नाही, असं मला वाटलं.

ऑपरेशन ठरल्याप्रमाणं सुरू झालं. जठर उघडलं. मागच्या भिंतीतून सुई घालून खात्री केली. कोऱ्या चहासारखं पाणी आलं. तिथं चीर दिली तसा लोंढाच आला, पाणी ओढून घेणाऱ्या सक्शनची बाटली भरली, बदलली, पुन्हा भरली. आणि मग खिडकीच्या कडेची एक रक्तवाहिनी सुटली. क्षणात सगळं लाल. काही दिसेना. आमच्या भूलतज्ज्ञ मुजावर मॅडम एरवी ऑपरेशनभर सुनेच्या तक्रारी सांगायच्या. त्या एकदम गप्प झाल्या. त्या गप्प झाल्या की समजायचं, ब्लडप्रेशर उतरतंय. मी बोटानं दाबून धरलं, सक्शन लावला, टाका घातला. धरला. दुसरा घातला. भिंत पक्की झाली होती म्हणून धरला. घाई केली असती तर सायच हातात आली असती. थोड्या वेळानं मॅडम म्हणाल्या, “आज सकाळी चहात साखरच घातली नाही हो तिनं.” मी पुढचं काम केलं.

बाहेर आलो तर पॅसेजमध्ये समितीची माणसं दाटीवाटीनं उभी.

“गाठ दाखवा,” मल्लाप्पा म्हणाला.

आमच्याकडं ही रीत आहे. काढलेली वस्तू नातेवाइकांना ट्रेमध्ये दाखवायची, म्हणजे ऑपरेशन झालं. ट्रे रिकामा असला की सर्जन संशयात.

“गाठ काढली नाही. तिला आत वाट करून दिली.”

“काढली न्हाय? मग इतका येळ केलं काय?”

मी पित्ताशय आणि खडे दाखवले. एकदम सगळ्यांचे चेहरे उजळले. खडे हातात धरता येतात. मल्लाप्पानं ते छोट्या बाटलीत मागून घेतले आणि त्याच दिवशी गावातल्या सभेत वर धरले.

“बघा! दारू न्हाय, खडं हायत खडं!”

मागून एक जण म्हणाला, “पिऊन पिऊनच खडं झालं असतील.” त्याला दुसऱ्यानं थांबवलं. “आरं, न पिता माणसाचं एवढं होतंय. त्यापरीस आपण पितोय त्येच बरं की!” सभेत याच मुद्द्यावर टाळ्या पडल्या.

इकडं अण्णांचे वेगळेच हाल. नाकात नळी, पोटात दुखणं, घशाला कोरड. आतडी कामाला लागल्याशिवाय तोंडानं काही देता येत नाही, आणि आतडी कामाला लागल्याची पहिली खूण म्हणजे वारा सरणं. मी रोज राऊंडला तेच विचारायचो. समितीची माणसंही बाहेर तेवढ्याच बातमीची वाट बघायची. ज्या माणसाचा शब्द गावात झेलला जायचा, त्याच्याकडून आता कुणाला शब्द नको होता.

अशात दारू दुकानाचे मालक हणमंत शेठ मोसंब्यांची पिशवी घेऊन भेटायला आले. अण्णांना पाण्याचा घोटही बंद होता, त्यामुळं मोसंबी समितीनं खाल्ली. शेठ मनानं वाईट नव्हते. पॅसेजमध्ये येऊन त्यांनी सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगितलं,

“लोक कायबी बोलत्यात. ह्यो माणूस माझ्या दुकानाची पायरी कधी चढलेला न्हाय. आईशप्पथ!”

कोपऱ्यातून आवाज आला, “दुकानात न्हाय. घरपोच जात असंल.”

त्या रात्री अण्णांना ताप आला. काळजी मलाही होती, पण सकाळी उतरला. दुपारी वारा सरला. समितीनं पेढे आणले. मी ते आत जाऊ दिले नाहीत.

मतदानाच्या दिवशी अक्का पहाटेच्या एसटीनं गावाला गेल्या आणि संध्याकाळी परतल्या. तोवर अण्णांची नळी निघाली होती आणि सिस्टर त्यांना चमच्यानं पाणी पाजत होती. बाटली आडवी झाली होती. भरघोस मतांनी.

“माझ्या बदनामीचा तरास झाला असंल न्हाई?” अण्णांनी विचारलं.

“तुमचं नाव कुणी काढलंच न्हाय,” अक्का म्हणाल्या.

“एकीनं बी इचारलं न्हाय?”

“कशाला इचारतील? परतेकीला आपापलं घर ठावं हाय की. चिठ्ठीवर बाटली हुती. तुमचं पोट न्हवतं.”

ऑपरेशनची जखम अण्णांना एवढी दुखली नसावी. मग त्यांनी अजून एक चमचा पाणी मागितलं. सिस्टरनं माझ्याकडं बघितलं, मी हो म्हणालो.

टाके काढून अण्णा घरी गेले. दोन महिन्यांनी सोनोग्राफीत पिशवी दिसली नाही. अण्णांचं वजन वाढलं. हणमंत शेठनी शेजारच्या गावात दुकान थाटलं आणि इथले पिणारे तिकडं सायकलनं जाऊ लागले. समिती बरखास्त झाली. अण्णांनी न पिता पोट फुगवून घेतलं, ही गोष्ट मात्र शेजारच्या गावातल्या दुकानात अजून सांगतात म्हणे, पहिला ग्लास भरताना.

त्यानंतर स्वादुपिंडाच्या खोट्या गाठीचा पेशंट आला की नातेवाइकांना मी आधीच सांगून टाकायचो. थांबायला लागेल. गाठ ट्रेमध्ये येणार नाही. नाकात नळी असेल, पाणी लवकर मिळणार नाही, आणि वारा सरला की आनंद माना. गावात लोक जे बोलतील, त्यावर घालायला आमच्याकडं टाका नाही.