मालकानंतर कोण

माझी पत्नी गुरुवारी गेली. तिने मांजरीच्या लसीसाठी शनिवारची वेळ घेऊन ठेवली होती, म्हणून शनिवारी मी नौपाड्यातल्या दवाखान्यात गेलो.

तिथले डॉक्टर जनावरांना अहो-जाहो करतात आणि माणसांशी मोजकंच बोलतात. "या बाई, बसा," ते मांजरीला म्हणाले. मला नुसती खुर्ची दाखवली.

मी मराठीचा शिक्षक होतो असं कळल्यावर ते आपली निवेदनं माझ्याकडून तपासून घेऊ लागले. पशुवैद्यांची संघटना सगळ्या दवाखान्यांसाठी नोंदणी अर्जाचा एक नमुना ठरवत होती. त्यात 'मालकानंतर जबाबदार व्यक्ती' हा रकाना हवा, एवढंच त्यांचं मागणं होतं. एकटी माणसं गेल्यावर त्यांच्या जनावरांचं काय होतं, हे त्यांनी पाहिलं होतं.

संघटनेच्या डोंबिवलीच्या सभेला मीही गेलो. "डॉक्टर, आता मांजरांचं मृत्युपत्रपण आपणच करायचं का?" मागून कोणीतरी म्हणालं आणि सभागृह हसलं. मतदानात रकान्याच्या बाजूने एकच हात वर झाला. मोजणी संपेपर्यंत डॉक्टरांनी तो खाली घेतला नाही.

दुसऱ्या दिवसापासून ते आपल्या दवाखान्यातल्या कार्डांवर तो रकाना पट्टीने आखू लागले. आमच्या मांजरीचं कार्ड काढून त्यांनी पेन माझ्यापुढे धरलं. मला एकही नाव सुचेना. त्यांनी पेन परत घेतलं, स्वतःचं नाव लिहिलं आणि दाराकडे बघून म्हणाले, "पुढचे कोण?"

संघटनेच्या छापील अर्जात तो रकाना नाही. घरी मी आहे आणि मांजर आहे.