माळवदावरची जागा

त्या दुष्काळात सारं लातूर पाण्याच्या काळजीत असताना इलेक्ट्रॉनची काळजी वाहणारे गावात एकटेच होते, ते म्हणजे आमचे पदार्थविज्ञानाचे सर. त्यांच्या भावांचं धान्याच्या आडतीचं दुकान होतं, पण सरांना तिथे कुणी बसू देत नसे. चहाला गेलं की ते समोरच्या दोन कपांची अदलाबदल करून विचारत, "काय बदललं?" काही नाही म्हटलं की खूश होत. मग सांगत, की हे इलेक्ट्रॉन असते तर अदलाबदलीबरोबर त्यांच्या गणितातलं चिन्ह उलटलं असतं, अधिकचं उणे झालं असतं. आणि दोघं अगदी एकाच अवस्थेत असले, तर बदलणार काहीच नाही, तरी चिन्ह मात्र उलटायलाच हवं. स्वतःच्या उण्याएवढी संख्या शून्याशिवाय दुसरी नाही, म्हणून तशी जोडी जगात असूच शकत नाही. एवढ्यात चहा गार होई, आणि कुणाचा उष्टा कप कुणाकडे गेला यावरून भांडण लागे ते वेगळंच.

घरातही हाच कायदा. लातूर नुकतंच जिल्ह्याचं ठिकाण झालं होतं आणि नव्या साहेब-कारकुनांनी गावातली खोली न् खोली भरली होती, त्यात पाण्यावाचून वसतिगृह बंद पडलं. सरांनी दोन मुलं घरी ठेवून घेतली आणि एकाच खाटेवर झोपवली, एकाचं डोकं पूर्वेला, दुसऱ्याचं पश्चिमेला. "एका घरात दोन, तेबी उलट्या फिरकीचे. इलेक्ट्रॉन असेच ऱ्हातेत," असं येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने दाखवत.

मीही त्याच वसतिगृहातला; परीक्षा तोंडावर आली तेव्हा ट्रंक घेऊन त्यांच्या दारात उभा राहिलो. जागा मिळाली नाही तर गावी, किनवटला परत जावं लागणार होतं, आणि परत गेलेला मुलगा पुन्हा परीक्षेला येत नाही, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक होतं. सरांनी खाटेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तिसऱ्याला जागा न्हाई," ते म्हणाले. मी ट्रंक पुन्हा उचलली. "इथं न्हाई म्हणलो. वरची पातळी मोकळी हाय. चढ."

वरची पातळी म्हणजे माळवद, घराचं सपाट मातीचं छत, आणि मोकळी म्हणजे तिथे सरांचं स्वतःचं अंथरूण होतं. त्या उन्हाळ्यात माझी परीक्षा संपेपर्यंत सर खाली तापलेल्या स्वयंपाकघरात झोपले आणि आपल्याला वरचं वारं बाधतं, असं सांगत राहिले.

निकाल लागला तसा मी पेढे घेऊन गेलो. खाटेवर दोन नवी मुलं होती, माळवदावर तिसरा मोठ्याने वाचत होता. सवयीने मी शिडीला हात लावला. सरांनी तो अलगद सोडवला.

"तुझी जागा भरली बाबा," ते म्हणाले. "आता तू जायाला मोकळा."

मग माझ्याबरोबर बाहेर पायरीवर येऊन बसले. पास झालो होतो, तरी मला त्या घरातून जायचं नव्हतं, आणि रडू आवरेना. सरांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं आणि दुसरा पेढा उचलला.