जेवणाचा दावा

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं आईला ज्यांनी ज्यांनी सांगितलं, त्यांतल्या एकाचंही कुणी दीड वर्ष फुकट खाल्लेलं नव्हतं.

आमची खानावळ सोलापुरात मंगळवार पेठेच्या मागच्या बोळात होती. वडील गिरणीत कारकून होते. ते गेल्यावर आईला रांधण्याखेरीज दुसरं काही येत नव्हतं, म्हणून तिने तेच विकायला काढलं. ज्वारीची भाकरी, आमटी, शेंगाची चटणी. पलीकडच्या गल्लीत एक मास्तर खेड्यापाड्यांतल्या पोरांसाठी बोर्डिंग चालवत असत. धोतर स्वच्छ, आवाज गोड, हातात कायम छत्री. त्या पोरांचं दोन्ही वेळचं जेवण आमच्याकडे ठरलं. सुरुवातीला पैसे वेळेवर आले. मग ‘दिवाळी होऊ द्या’ झालं, मग ‘सुगी होऊ द्या’ झालं. आई मागायला गेली की मास्तर तिच्या आमटीची अशी तारीफ करायचे की ती लाजून रिकाम्या हाताने परत यायची. भीड भिकेची बहीण म्हणतात. आमच्या घरी त्या दोघी बहिणी एकदमच राहायला आल्या.

वाण्याने उधारी बंद केली तेव्हा आईने पाटल्या गहाण ठेवल्या आणि एका वकिलाचं घर गाठलं. वसुलीच्या दाव्यांत या वकिलाचा हात धरणारा कुणी नाही, असं सगळे म्हणत. सुताचे व्यापारी, सराफ, सावकार, सगळ्यांची कामं त्याच्याकडे. त्याची नुसती नोटीस गेली तरी माणसं उसनवारी करून पैसे आणून देतात, अशी त्याची ख्याती होती. आईला लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून ती मला बरोबर घेऊन गेली. मी तेव्हा मुलींच्या शाळेत इंग्रजी तिसरीत होते.

वकिलाने आधी फी सांगितली, ती मोजून घेतली आणि मगच आमच्याकडे नीट पाहिलं. मला तो माणूस आवडला नाही, पण त्याने आम्हाला फसवलं असं मी कधीच म्हणणार नाही.

“किती दिवसांचं जेवण आहे?” त्याने विचारलं.

“दीड वर्साचं, साहेब.”

“मग सहा महिन्यांचं सोडून द्या. खानावळीच्या पैशाला कायद्याने एका वर्षाची मुदत आहे. त्याच्या मागचं बुडालं.”

आईला वाटलं, तिला नीट ऐकू आलं नाही. “सावकाराचं पैसं तर तीन वर्सं चालत्यात की.”

“सावकाराचे चालतात. जेवणाचे नाही.”

“जेवान लवकर नासतं, म्हून व्हय?” आई म्हणाली. वकिलाचा कारकून हसला. वकील हसला नाही. त्याने पुढचा प्रश्न टाकला, आणि आमचा सगळा दावा त्या एका प्रश्नावर अडकला.

“बोर्डिंगच्या पोरांतल्या कुणाला तुम्ही वार दिला होता का?”

गरीब विद्यार्थ्याला आठवड्यातला एक दिवस ठरवून फुकट जेवू घालायचं, याला तेव्हा वार देणं म्हणत. सात घरचे सात वार जमले की पोराचा आठवडा निघायचा. आई मोठ्या अभिमानाने म्हणाली, “दिला की. एक बिनआईचं पोर हुतं. त्याला गुरुवारचा वार दिला हुता.”

“बाई, तो पोरगा तुम्हाला महाग पडणार,” वकील म्हणाला. “कोर्टात विचारलं तर काय सांगाल?”

“हाय त्ये सांगीन. देवासाठी जेवू घातलं आन् आता न्हाय कसं म्हनू?”

वकिलाने तिला खोटं बोलायला सांगितलं नाही. बोर्डिंगमधली पोरं कुठल्या कुठल्या गावची आहेत, तेवढं मात्र मला लिहून द्यायला सांगितलं. मला वाटलं, उगाच वेळ काढतोय.

कोर्टात बादशहाच्या तसबिरीखाली उभे राहून मास्तरांनी हात जोडले आणि सांगितलं, “ही माउली धर्म म्हणून माझ्या पोरांना वार देत होती. आता कुणाच्या तरी नादाने धर्माचे पैसे मागते आहे.” बाकांवर बसलेल्या लोकांनी माना डोलावल्या. मास्तरांच्या वकिलाने आईला विचारलं, वार दिला होता की नव्हता? आई म्हणाली, दिला होता. मी पदर ओढला तर तिने माझा हात झिडकारला.

मग आमच्या वकिलाने केम गावाहून आगगाडीने आणलेला एक साक्षीदार उभा केला. बोर्डिंगमधल्या एका पोराचा बाप होता तो. वकिलाने त्याला एवढंच विचारलं, “पोराच्या जेवणाचे पैसे कुणाला देत होता?”

“मास्तरास्नीच की. दर म्हयन्याला. जेवानाचं येगळं आन् ऱ्हायाचं येगळं. मास्तर म्हनायचं, बाईला रोकडा द्यावा लागतोय.”

मास्तरांचे जोडलेले हात सुटले. मला असा आनंद झाला की मी वकिलाला मनातल्या मनात नमस्कार घातला. गावांची नावं त्याने कशासाठी लिहून घेतली होती, ते आता कळलं. अनुभव म्हणतात तो हाच.

दावा आम्ही जिंकलो. फक्त आईने गुरुवारच्या वाराची कबुली दिली होती, आणि कोणता पोरगा कोणत्या दिवशी जेवला याचा आमच्याकडे पुरावा नव्हता. म्हणून न्यायाधीशांनी झाडून सगळ्या पोरांचे सगळे गुरुवार वजा केले. एका बिनआईच्या पोराला घास घातला तर सरकारने आख्ख्या बोर्डिंगची पंगत आमच्या पदरात घातली. वर पुण्यही आमचंच.

तरीही आईने त्या दिवशी शिरा केला. हुकूमनामा झाला म्हणजे पैसे मिळाले, असं तिला वाटत होतं. मलाही तसंच वाटत होतं. बेलीफ जप्तीला गेला तेव्हा समजलं, की मास्तरांच्या नावावर काहीच नाही. घर बायकोचं, बाकं कुण्या मित्राची, घड्याळ संस्थेला भेट आलेलं. दीड वर्ष आमची भाकरी खाणाऱ्या त्या बोर्डिंगात, कायद्याने पाहिलं तर, मास्तरांची म्हणावी अशी एकच वस्तू होती, ती म्हणजे पोटात गेलेली आमची भाकरी.

“आता एकच उपाय,” वकील म्हणाला. “दिवाणी कैद. ऋणकोला तुरुंगात बसवायचं. अब्रूदार माणूस आहे. पंधरा दिवसांत त्याचा भाऊ पैसे घेऊन धावत येईल. आजवर माझा हा डाव कधी फसला नाही.” मग कागद चाळत म्हणाला, “मात्र त्याच्या जेवणाचा भत्ता तुम्हाला भरावा लागेल. दर महिन्याला, आगाऊ.”

आईने विचारलं, “कुनाच्या जेवनाचा?”

“मास्तरांच्या.”

तिने बोटांवर काहीतरी मोजलं. मग अगदी व्यवहाराचं बोलावं तसं म्हणाली, “रोकड कशाला? मी डबा पाठवते की. दोन भाकरी जास्तीच्या.”

“सरकारला डबा चालत न्हाय, बाई,” कारकून म्हणाला. “पैसंच भरायला लागत्यात. भरलं न्हाय तर त्येच दिवशी मास्तर भाईर.”

आईने पहिला भत्ता भरला. मास्तरांना धरून नेलं आणि गावाचं तोंड आमच्यावर सुटलं. खाल्लेलं काढते बाई, अन्न विकते आणि वर शिकवणाऱ्या माणसाला कोठडीत घालते. आमची दोन गिऱ्हाइकं तुटली. मास्तरांचा भाऊ आला, पण आमच्याकडे नाही. त्याने तुरुंगात मास्तरांना भेटून तुपाचा गडू दिला, आणि पानाच्या ठेल्यावर बसून सांगितलं, “बाई किती दिवस पोसती ते बघू की.”

त्याचा हिशेब बरोबर होता. आमच्या वकिलाची सगळी उमर सावकारांत गेली होती. सावकाराला भत्ता म्हणजे पानसुपारीचा खर्च. ऋणकोआधी धनकोच उपाशी पडेल, अशी वेळ त्याच्या डोळ्यांसमोर कधी आलीच नव्हती. एवढ्या नामांकित वकिलाला एवढी एकच गोष्ट ठाऊक नव्हती, आणि आमचं सगळं नेमकं त्याच गोष्टीवर अवलंबून होतं.

दुसऱ्या महिन्याचा भत्ता भरायची वेळ आली तेव्हा घरात माझ्या शाळेच्या सहामाही फीचेच पैसे होते. आईने ते माझ्यापुढे ठेवले. “तू सांग,” म्हणाली. “फी भरली तर त्यो उद्या सुटतोय.”

मी म्हणाले, “भत्ता भर.”

लोकांना वाटतं, मी आईसाठी त्याग केला. कसला त्याग! मला त्या माणसाला आत ठेवायचं होतं. आणखी एक महिना त्याने कोठडीचे गज मोजावेत, एवढीच माझी इच्छा होती, आणि ती आजही चुकीची वाटत नाही. शाळेतून माझं नाव कमी झालं. मी पहाटे भाकऱ्या थापायला बसू लागले.

तिसऱ्या महिन्याला भरायला काहीच नव्हतं. वकील म्हणाला, एकदा सुटला की याच हुकूमनाम्यावर त्याला पुन्हा धरता येणार नाही. आईने मान हलवली. पाटल्या सराफाकडेच राहिल्या.

मास्तर सुटले त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी डोक्यावर पिठाचा डबा घेऊन गिरणीतून येत होते. समोरून ते आले, बरोबर कुणी तरी बडे गृहस्थ. तब्येत सुधारली होती. माझ्याकडे पाहून ते थांबले आणि वर्गात विचारावं तशा आवाजात म्हणाले, “काय गं, आज शाळेला नाही गेलीस?”

“माझी फी तुम्ही खाल्लीत, मास्तर,” मी म्हणाले. “तुरुंगात दुसऱ्या महिन्याला जेवलात, ती माझी फी होती.”

ते जरासुद्धा चपापले नाहीत. बरोबरच्या गृहस्थांकडे वळून हसले, आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “बघितलंत? पोरगी हुशार आहे. अशा मुलींना शिकवलं पाहिजे.”