शांतवन मिस्त्रींचा ट्रॅक्टर

शांतवन मिस्त्री गेल्याचं त्यांच्या मुलाने, भास्करने, फोनवर सांगितलं तेव्हा मी जेवून अंगणातल्या कट्ट्यावर नुकतीच टेकले होते. समोर कडुलिंबाच्या फांदीला दोन साखळ्या लोंबत होत्या. माझ्या नातीसाठी मिस्त्री झोपाळा करत होते. साखळ्या बांधून, “आठ दिवसांत पाट आनतो, आक्का” असं सांगून नगरला गेले होते. सत्तरी कधीच ओलांडलेली, पण शब्द मिस्त्रींचा म्हणून मी निश्चिंत होते. पाटाऐवजी फोन आला... खरं सांगते, आधी रडू आलं नाही, रागच आला. काम अर्धवट टाकून जाणारा माणूस नव्हता तो.

आमची ओळख एका ट्रॅक्टरमुळे झाली. माझं माहेर जामखेडच्या बाजूचं. नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कोल्हारकडच्या एका ऊसमळ्यावरून रॉकेलवर चालणारा जुना ट्रॅक्टर आणला आणि तो चालवायला म्हणून मिस्त्री सोबत आले. कोल्हारच्या ख्रिस्ती कुटुंबातला पंचविशीचा, सडपातळ माणूस. महायुद्धाच्या काळात नगरच्या लष्करी वर्कशॉपात लोखंडकाम शिकलेला. चहात इतका गूळ घालायचे की आई म्हणायची, याला सरळ काकवीच द्या. प्रार्थनेची गाणी मोठ्यांदा म्हणायचे आणि सूर कधी लागायचा नाही. पण एखादं यंत्र बिघडलं की नुसतं कान देऊन त्याचं दुखणं सांगायचे.

देश स्वतंत्र झाला तरी आमच्या शिवेपलीकडे निजामी राज्य होतंच आणि माझं सासर नेमकं तिकडे, माहेराहून तीन कोसांवर. माझे यजमान शिवेअलीकडच्या सत्याग्रहींच्या छावणीत सामील झाले, त्यामुळे आमच्या सासरच्या घरावर निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळीचा डोळा होता. घर पेटवू, असा निरोपही त्यांनी धाडला होता. घरात मी बारा दिवसांची बाळंतीण, तान्ही मुलगी आणि सासूबाई. नानांनी आम्हाला आणायला बैलगाडी पाठवली, ती ओढ्यापाशी गोळ्या सुटल्याने परत फिरली. नाना हातपाय गाळून बसले. तेव्हा मिस्त्री म्हणाले, “नाना, बैल भितो. लोखंड भीत न्हाई.”

आमच्या गुऱ्हाळात रस कढवायच्या दोन मोठ्या काहिली होत्या. मिस्त्रींनी त्या फोडून सरळ केल्या. आईने आधी काहिलींना हळदकुंकू वाहिलं, मगच छिन्नीला हात लावू दिला. एक पत्रा उभा करून नानांनी बंदूक झाडली, तर गोळी आरपार. मग मिस्त्रींनी दोन पत्र्यांच्या मधे मुरूम ठासला, बोल्ट आवळले आणि स्वतः त्याच्या आड जाऊन बसले. “मारा, नाना.” नाना म्हणाले, “येडा का काय तू? उठ तिथनं.” मिस्त्री हलले नाहीत. “ज्याच्या आड लेकरू ठेवायचं, त्याच्या आड आदी मी बसतो. मारा.” शेवटी नानांनी बार काढला. मिस्त्री धूळ झटकत बाहेर आले आणि चहा मागितला! हे सांगताना नानांच्या डोळ्यांत दर वेळी पाणी यायचं.

दुसऱ्या दिवशी उन्हं चढल्यावर ट्रॅक्टरचा तो अवतार माझ्या सासरच्या दारात आला. पुढे, बाजूला, मागे जोडलेल्या गाडीला सगळीकडे पत्रे. वाटेत कुणी गोळी झाडली नव्हती, बहुधा बघूनच गारठले असावेत. मी बाळाला पदराखाली घेऊन बसले, सासूबाई देवाची पेटी घेऊन. निघालो, आणि ओढ्याच्या चढावर ट्रॅक्टर गुरगुरून थांबला. पुढून वाफेचे लोट. मिस्त्रींनी पत्र्याची गोळीने परीक्षा घेतली होती, पण भर उन्हात ओझं ओढत चढ चढायची परीक्षा राहून गेली होती. पुढच्या बाजूला वाऱ्याला शिरायला फटच नव्हती आणि इंजिनातलं पाणी उकळून गेलं होतं. “चूक माझी हाय, आक्का,” एवढंच म्हणाले आणि पाना घेऊन खाली उतरले.

बाभळीतून एक गोळी आली, मग दुसरी. ते बोल्ट सोडत राहिले. इंजिन जरा निवल्यावर सासूबाईंच्या घागरीतलं पाणी आत ओतलं. पुढचा पत्रा ओढत आणून त्यांनी माझ्या बाजूला आतून लावला. मी विचारलं, “मग तुमच्यापुढं काय राहिलं?” म्हणाले, “वारा हाय की. इंजिनाला तेच पायजे.” उघड्या छातीने त्यांनी तो ट्रॅक्टर शिवेअलीकडे आणला. एक गोळी माझ्या बाजूच्या पत्र्यांवर बसली. बाहेरचा पत्रा फोडून ती आतल्या पत्र्याला पोचा पाडून अडकली. अगदी बाळाच्या डोक्यापाशी... दुसऱ्या एका बारातले छर्रे मिस्त्रींच्या डाव्या खांद्यात शिरले. तो हात पुढे जन्मभर खांद्याच्या वर गेला नाही.

लोक त्याला रणगाडा म्हणायचे. मिस्त्री चिडायचे. “ट्रॅक्टरच हाय त्यो. अंगरखा घातलाय.” शेवटी पत्रे उतरवून त्यांनी त्याच ट्रॅक्टरने आमची पेरणी केली. पुढे नगरला स्वतःचं दुकान टाकलं. खुर्ची असो, शिडी असो, शाळेची घसरगुंडी असो, आधी स्वतः बसून, चढून, घसरून बघितल्याशिवाय माल दिला नाही. घसरगुंडीवरून घसरणारे पन्नाशीचे मिस्त्री मी पाहिले आहेत. हसून पोट दुखलं होतं.

परवा भास्कर मिस्त्रींनी करून ठेवलेला पाट घेऊन आला. मी बघतच राहिले. लाकडाच्या चौकटीत तोच काहिलीचा पत्रा, पोचा तसाच ठेवलेला. भास्कर साखळ्या अडकवून मागे सरला. वडिलांना तो दादा म्हणायचा. “दादा म्हनले होते, मी बसल्याबिगर देऊ नको. आता कसं करायचं, आक्का?” नात पुढे धावली. बारा दिवसांच्या त्या बाळाची ही मुलगी. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, “थांब.” पदर खोचला, साखळी धरली आणि आधी मी बसले.