छत्रीची फरशी मी धुतली तो दिवस

यजमान गेल्यापासून देवासच्या घरात मी एकटीच. वाईट कुणी वागत नाही हो, शेजारीपाजारी, नातलग सगळे गोडच बोलतात. गोड बोलतात आणि बाजूला बसवतात.

तळ्याकाठी राजघराण्यातल्या कुणाची तरी जुनी समाधी आहे, घुमटाची. आम्ही छत्री म्हणतो. तिची दुरुस्ती व्हायची होती, त्याआधी साफसफाईला माणसं हवी होती. मी आपणहून नाव दिलं. बाकी सगळी कॉलेजची पोरं. काम बघणारी मुलगी मराठीच, इंदूरची, पण बोलायची हिंदीत. आठ दिवस मी गवत उपटलं, पारव्यांची घाण खरवडली. कुणी आपली वाट बघतंय म्हणून सकाळी वेणी घालायची, किती वर्षांनी!

नवव्या दिवशी फरशा उचलायच्या होत्या. मी सगळ्यांच्या आधी पोचले. आता नव्या कामाला हात घालायचा तर जागा पारोशी कशी ठेवायची? तळ्यातून बादल्या आणल्या, खराट्याने सगळी फरशी धुतली, पायरीशी रांगोळी काढली. फरशांवर पांढरं काही होतं. मोतीबिंदूच्या डोळ्यांना ती पारव्यांचीच घाण वाटली, घासून काढली.

ते खडूचे नंबर होते. कुठली फरशी परत कुठे बसवायची त्याचे. आदल्या दिवशी मी घरी गेल्यावर पोरांनी घातलेले.

मुलगी आली, बघितलं आणि हसली. "कोई बात नहीं आजी, नक्शा है, फिर लिख लेंगे। आप छाँव में बैठिए।" खुर्ची आली, पाणी आलं. पोरं गुडघ्यांवर बसून पुन्हा नंबर घालू लागली, मी पाहुणी. म्हटलं, झालं, उद्यापासून बोलावणार नाहीत. एकाने खडसावलं असतं तरी उठून खडू मागता आला असता.

तेवढ्यात फरशा उचलणारा कारागीर आला, धारहून मजूर घेऊन. म्हातारा, माझ्याच वयाचा.

"किसने धोया?"

"मैंने."

"माँजी, म्हारो आखो दन बिगाड़ दियो! और ऊपर से कुर्सी पे बैठी हो? चलो, खड़िया पकड़ो. मैं बोलूँगा, तुम लिखना. और बाल्टी को हाथ मत लगाना!"

पोरं खदखदा हसली. "आई भिया, अभी आई," म्हणत मी पदर खोचला.

पहिल्या सहा फरशा बऱ्या गेल्या. सात वाकडा आला तर पुन्हा ओरडला. मी आठ मुद्दाम वाकडा काढला.