नीलाबाईनं खर्रा घोटणं सोडलं

राजुऱ्याकडून कोळसा खाणींकडे जाणारा रस्ता आमच्या गावाला चाटून जातो. त्या वळणावर नीलाबाई निमगडेची टपरी होती आणि ती खर्ऱ्यासाठी नावाजलेली होती. सुपारीची बारीक कातर, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीवर घ्यायचा आणि एकजीव होईस्तोवर तळहातानं घोटायचा. आमच्या भागात बाप्ये खातात, बाया खातात, कॉलेजातली पोरंही खातात. ट्रकवाले तर दुसऱ्या टपऱ्या सोडून खास तिच्याकडे थांबायचे.

नीलाबाई स्वतःही खायची. घोटता घोटता चिमूटभर तोंडात जायचाच. सकाळी उठल्यावर दातांना नस, म्हणजे तंबाखूची भाजलेली पूड, घासल्याशिवाय तिचा दिवस सुरू व्हायचा नाही. चहात साखर भरपूर, आणि चहा संपला की पुन्हा चिमूट. दाढा किडल्या तेव्हा तिनं त्या पोकळीत तंबाखूच दाबून ठेवली, ठणका मरतो म्हणून.

मग तिला तिखट झोंबायला लागलं. आधी वाटलं, अंगात उष्णता झाली असेल. ती ताक पीत राहिली, भाजीत मिरची टाकणं बंद केलं. नवरा डोमाभाऊ खाणीवर चौकीदार. त्यांनी विचारलं की जेवण असं फिकं काऊन, तर म्हणाली, तब्येतीले बरं असते. हळूहळू जबडा आखडत गेला. ती भाकरीवरून भातावर आली, भातावरून पेजेवर. सगळ्यांची जेवणं झाल्यावर चुलीपाशी एकटी बसून खायची. घरात कोणाला पत्ता लागला नाही.

पत्ता लागला मुलाच्या, राजदीपच्या लग्नात. बुद्धवंदना झाली, मंगल परिणय पार पडला आणि नवी सून संघप्रिया सासूला लाडू भरवायला पुढे आली. नीलाबाईनं तोंड उघडलं तर ओठांत नुसती फट पडली. संघप्रियानं लाडूचा भुगा केला आणि तोच चिमटीनं भरवला. बघणाऱ्यांना वाटलं, सासूबाई लाजल्या.

मांडव उतरल्यावर सुनेनं पहिलं काम केलं ते सासूला चंद्रपूरच्या दवाखान्यात नेण्याचं. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी गालाच्या आतली कातडी दाबून पाहिली. सुपारीनं ती चामड्यासारखी कडक झाली होती. त्यांनी साफ सांगितलं की जे आखडलं ते पूर्ण सुटणार नाही. पण आजच सोडलं, औषध घेतलं, रोज तोंड उघडायचा व्यायाम केला तर पुष्कळ फरक पडेल. पालेभाज्या, अंडी, फळं खा, दातांना ब्रश लावा, आणि खर्रा कधीपासून खाता ते सांगा.

"खाते ते जाऊ द्या बाई," नीलाबाई म्हणाली, "मी विकते."



खाणं तिनं त्याच दिवशी टाकलं. टाकलं म्हणजे किती हाल झाले ते ती स्वतःच सांगते. डोकं भणभणायचं, झोप उडाली, एकदा तर पुडी मिळेल म्हणून डोमाभाऊंच्या सदऱ्याचे खिसे तिनं चाचपले. तोंड उघडायच्या व्यायामासाठी आइस्क्रीमच्या काड्यांचा जुडगा दातांत धरून बसायची, कळ सोसवेना तेव्हा डोळ्यांत पाणी यायचं, तरी जुडग्यात एकेक काडी वाढवायची. पण विकणं चालूच होतं. घर चालायचं त्याच्यावर, आणि पाहुण्यासारखी आलेली सून काय म्हणणार.

एके दिवशी लच्छू आत्राम आला. अहेरीकडचा, खाणीवर ट्रक चालवायचा, बायको मंगली आणि दोन लेकरं घेऊन आमच्याच गावात खोली करून राहायचा. म्हणाला, बाई, चुना कमी टाका, आजकाल तोंडाले लय झोंबते. नीलाबाईचा हात पन्नीवरच थांबला.

"तोंड उघड," ती म्हणाली. "तीन बोटं उभी टाकून पाह्य."

त्याला गंमत वाटली. त्यानं बोटं घातली. दोनच गेली; चांगल्या तोंडात तीन जातात, हे ती दवाखान्यात शिकली होती. तो हसत होता, ती हसत नव्हती.

"माह्या टपरीत आजपासून खर्रा नाई," असं म्हणून तिनं घोटलेला माल नालीत झाडला.

लच्छू पुढच्या टपरीवर गेला. त्याच्यामागे बाकीचेही गेले. तो अख्खा पावसाळा टपरी ओस पडली. डोमाभाऊ चिडले, भरला धंदा बुडवला म्हणाले, आणि बरेच दिवस बायकोशी धड बोलले नाहीत. मग संघप्रियानं टपरीत चूल मांडून अंडी उकडायला ठेवली, शेंगदाणे भाजले, काकडी कापून मीठ लावलं. खाणीची पाळी सुटली की माणसं भुकेलेली असतात, हे तिनं बरोबर हेरलं होतं.

इकडे नीलाबाई लच्छूला विसरली नव्हती. तो ऐकत नाही म्हटल्यावर ती मंगलीकडे गेली. स्वतःचं तोंड उघडून दाखवलं, जेवढं उघडत होतं तेवढं. मंगलीला जास्त सांगावं लागलं नाही. दोघींनी मिळून लच्छूला चंद्रपूरच्या बसमध्ये बसवलं. त्याच्या गालात मागच्या बाजूला पांढरा चट्टा निघाला. तो कापून तपासायला पाठवला. अहवाल येईपर्यंत नीलाबाई रोज संध्याकाळी मंगलीच्या दारात जाऊन बसायची. कॅन्सर नव्हता. पण असाच खात राहिला असता तर झाला असता, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. लच्छूनं खर्रा सोडला, दोनदा पुन्हा धरला, पुन्हा सोडला. आता दर काही महिन्यांनी तो तपासायला जातो.

नीलाबाईचा जबडा पूर्वीसारखा झाला नाही. दोन दाढा काढाव्या लागल्या. पण भाकरी ती आता कुस्करून, भाजीच्या रश्श्यात भिजवून सगळ्यांबरोबर बसून खाते. डोमाभाऊंचा खर्रा कमी झाला आहे, सुटलेला नाही. त्यावर ती भांडत नाही. फक्त घरात कोणी घोटायचा नाही, एवढं तिनं ठरवून टाकलं आहे.

मागच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाला विहारात बायांनी तिला बोलायला उभं केलं. तिला भाषण येत नाही. पदर सारखा करत ती म्हणाली, "मी काय शिकवू तुमाले? या गावाले खर्रा मीच खाऊ घातला. तुमच्या पोराइले मीच देल्ला. आता एवढंच म्हणते, घरी जाऊन तीन बोटं टाकून पाह्यजा. नाई गेले तर मले आवाज द्या, मी संगं येते."

मागच्या रांगेतल्या तिघी भिंतीकडे तोंड करून, पदराआड बोटं नेऊन बघताना दिसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्यातल्या दोघी चंद्रपूरच्या बसमध्ये नीलाबाईच्या शेजारी बसलेल्या होत्या. तिसरी आली नव्हती. परत आल्यावर नीलाबाई त्या तिसरीच्या घराकडे वळली.